प्रोस्टेट कर्करोगाच्या शस्त्रक्रियोत्तर उपचारांचा इतिहास : वालूर (जि. परभणी) परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

आधुनिक शस्त्रवैद्यकाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियागृहात सुरू होतो आणि तेथेच संपतो. कोणी, कोणत्या साली, कोणता अवयव प्रथम काढला याची नोंद तपशिलाने मिळते. टाके निघून रुग्ण घरी गेल्यानंतरची दहा-पंधरा वर्षे मात्र इतिहासकाराच्या नजरेतून निसटतात. त्या काळात त्याच्यावर कोणते उपचार झाले, कोणते झाले नाहीत, ते कोणी आणि कशाच्या आधारे ठरविले, हे सहसा वैद्यकीय नियतकालिकांच्या कोष्टकांतच राहते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबाबत हा उत्तरकाळ विशेष महत्त्वाचा ठरतो. हा रोग मुख्यतः उतारवयातला असून त्याची चाल पुष्कळदा मंद असते. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा दिसण्यास कित्येक वर्षे लागू शकतात, आणि पुन्हा दिसला तरी प्रत्येक वेळी तो मृत्यूचे कारण होतोच असे नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर कोणाला किरणोपचार द्यावेत, कोणाला संप्रेरकविरोधी औषधे द्यावीत आणि कोणाला काहीही न देता केवळ लक्ष ठेवावे, हा प्रश्न या रोगात जेवढा अवघड झाला तेवढा फार थोड्या कर्करोगांत झाला असेल.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या उत्तरांचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावयाचा आहे, आणि तो वालूरहून पाहावयाचा आहे. वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील गाव. तेथील चक्राकार पायऱ्यांच्या प्राचीन बारवेमुळे स्थापत्याच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. कर्करोगाच्या इतिहासात या गावी काही विशेष घडले म्हणून त्याची निवड केलेली नाही. हा इतिहास नेहमी बाल्टिमोर, शिकागो, लंडन आणि फार तर मुंबई येथून लिहिला जातो. तोच वालूरसारख्या गावाहून पाहिला असता त्यातील एक गृहीतक उघडे पडते. रुग्ण सांगितलेल्या तारखेला पुन्हा येऊ शकतो, हे ते गृहीतक होय. ज्याचा त्याला उपचार देण्याची आजची सारी पद्धती त्यावर उभी आहे.

संज्ञेविषयी थोडे

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असणाऱ्या या ग्रंथीस मराठी विश्वकोशात 'अष्ठीला ग्रंथी' म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या बारा प्रकारांत 'वाताष्ठीला' येते. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. लघवी अडविणाऱ्या दगडासारख्या कठीण गाठीचे ते वर्णन आहे. त्यावरून प्राचीनांना प्रोस्टेटचा कर्करोग माहीत होता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बोलण्यात मात्र 'अष्ठीला' कोठेही नाही. शहरात आणि खेड्यात 'प्रोस्टेट' हाच शब्द रूढ आहे आणि 'प्रोस्टेटचे ऑपरेशन' हा शब्दप्रयोग सर्रास होतो.

या शब्दप्रयोगात एक घोटाळा दडलेला आहे. वयोमानाने वाढलेल्या ग्रंथीमुळे लघवी अडते तेव्हा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेत ग्रंथीचे बाहेरचे कवच आत राहते आणि कर्करोग बहुधा त्याच भागात उद्भवतो. कर्करोगासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया निराळी असते. तीत संपूर्ण ग्रंथी, शुक्राशये आणि आवश्यकतेनुसार ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढल्या जातात. दोहोंनाही लोक एकच नाव देतात. पहिल्या शस्त्रक्रियेत निघालेल्या तुकड्यांच्या तपासणीतही काही वेळा अनपेक्षितपणे कर्करोग आढळतो. तो अहवाल रुग्णाने नेलाच नाही किंवा कोणी वाचून दाखविला नाही, तर 'ऑपरेशन झाले, गाठ निघाली' एवढीच माहिती घरी राहते. येथे ज्या उपचारांची चर्चा आहे ते दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

सर्वांस एकच उपचार : १९०४ ते १९७०

कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात केली. १९४५ मध्ये लंडनच्या टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटातून, जघनास्थीच्या मागून ग्रंथीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. या काळात शस्त्रक्रियेनंतरचे उपचार असे काही फारसे नव्हतेच. रोग परतला की नाही हे कळण्याची साधने म्हणजे वैद्याचे बोट आणि रुग्णाची हाडे. कंबर किंवा पाठ दुखू लागली म्हणजे रोग हाडांत गेला, असे समजले जाई.

१९४१ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. शिकागो येथे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की, पसरलेला प्रोस्टेट कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो. वृषणे काढल्यास किंवा इस्ट्रोजेन दिल्यास तो आक्रसतो आणि रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज हे विकर उतरते. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९४१ मध्ये, २८ फेब्रुवारी रोजी, मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्या वेळी वालूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सेलूवरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज लोहमार्गिका विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली होती. तिच्यामुळे राजधानी हैदराबाद एका गाडीच्या अंतरावर होती. मुंबईस जावयाचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. मराठवाड्यातील गंभीर रुग्णांची पावले दीर्घकाळ दोन दिशांना विभागली गेली, त्याचे मूळ या लोहमार्गात आहे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजकीय नकाशा बदलला, १९५५ मध्ये हैदराबादेत मेहदी नवाज जंग यांच्या प्रयत्नाने कर्करोग रुग्णालय उभे राहिले, १९५६ मध्ये औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पण मनमाडची गाडी-बदल नव्वदच्या दशकात लोहमार्ग रुंद होईपर्यंत टळली नाही.

हगिन्स यांच्या शोधानंतर जगभर संप्रेरक-उपचारांची लाट आली आणि ती सरसकट होती. रोग कोणत्याही अवस्थेत असो, इस्ट्रोजेन द्यावयाचे, असा प्रघात पडला. त्यास पहिला मोठा धक्का अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाने दिला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसले की, रोज पाच मिलिग्रॅम इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू घटले, परंतु हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. पुढे एक मिलिग्रॅमही पुरेसे असल्याचे आढळले. माझ्या मते शस्त्रक्रियोत्तर उपचार माणसागणिक ठरविण्याच्या विचाराचा आरंभ येथे मानला पाहिजे, जरी हा अभ्यास केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचा नव्हता. रोग तोच असला तरी हृदय निराळे आहे, हे प्रथमच मोठ्या संख्येवर सिद्ध झाले. याच सैनिकांच्या ऊतींचे नमुने पाहून मिनिॲपोलिसचे डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये पेशींच्या रचनेवरून रोगाची उग्रता मोजण्याची पद्धत मांडली. आज वालूरच्या रुग्णाच्या अहवालातही 'ग्लीसन' हा शब्द असतो.

आकड्याचे आगमन

१९७९ मध्ये बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेत मिंग वँग आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटमधील एक विशिष्ट प्रथिन शुद्ध रूपात वेगळे केले. 'पीएसए' या नावाने ते आज सर्वत्र ओळखले जाते. या चाचणीची ख्याती रोग लवकर शोधणारी चाचणी म्हणून झाली आणि त्यावरून मोठा वादही माजला. परंतु अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला प्रथम मान्यता दिली ती १९८६ मध्ये, आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाच्या कामी वापरण्याची मान्यता १९९४ मध्ये मिळाली. लक्ष ठेवण्याच्या कामी तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर काही आठवड्यांत रक्तातील पीएसए जवळजवळ शून्यावर आले पाहिजे. ते पुन्हा वाढू लागले तर शरीरात कोठेतरी त्या पेशी शिल्लक आहेत. ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी दोनदा ओलांडली म्हणजे रोग रक्तात परतला, असे सामान्यतः मानतात.

दरम्यान १९८२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथेच पॅट्रिक वॉल्श यांनी लैंगिक क्षमतेच्या मज्जातंतूंना जपून शस्त्रक्रिया करण्याची रीत रूढ केली. शस्त्रक्रिया अधिक सुसह्य झाली, ती करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्याबरोबर पीएसए वाढलेल्या पण एरवी ठणठणीत असलेल्या पुरुषांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला. हे रुग्ण आहेत की नाहीत? त्यांना काहीही होत नाही. कागदावर एक आकडा तेवढा वाढतो. १९९९ मध्ये हॉपकिन्सच्याच १,९९७ शस्त्रक्रियांचा दीर्घ आढावा प्रसिद्ध झाला, त्याने या प्रश्नावर प्रकाश टाकला. सुमारे १५ टक्के पुरुषांत पीएसए पुन्हा वाढले. त्यांपैकी ज्यांना लगेच संप्रेरक-उपचार दिले नव्हते त्यांत आकडा वाढल्यापासून रोग हाडांत किंवा अन्यत्र दिसेपर्यंतचा मध्यगा काळ आठ वर्षांचा होता. तेथून मृत्यूपर्यंत आणखी पाच वर्षे. परंतु सर्वांची गती सारखी नव्हती. ग्लीसन अंक, शस्त्रक्रियेनंतर किती काळाने आकडा वाढला आणि तो किती महिन्यांत दुप्पट झाला, या तीन बाबींवरून मंद आणि वेगवान रोग वेगळे ओळखता येत होते.

तिसऱ्या बाबीकडे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. दुप्पट होण्याचा काळ एका चाचणीतून कधीच कळत नाही. त्यासाठी तारखांसह नोंदविलेल्या आकड्यांची मालिका लागते, आणि शक्य तर ती एकाच प्रयोगशाळेची लागते. येथून पुढे उपचार ठरविण्याचे प्रमुख साधन रुग्णाच्या शरीराइतकेच त्याच्या कागदपत्रांत आले.

आधीच की वाट पाहून

ग्रंथी काढल्यावर कडेपर्यंत रोग आढळला किंवा तो कवचाबाहेर गेलेला दिसला, तर उरल्यासुरल्या पेशींवर लगेच किरणोपचार द्यावेत काय? युरोपातील १,००५ रुग्णांच्या अभ्यासाने २००५ मध्ये होय असे उत्तर दिले. लगेच किरणोपचार मिळालेल्यांत पाच वर्षांनंतर ७४ टक्के रुग्ण आकडा न वाढता राहिले, केवळ लक्ष ठेवलेल्यांत ५२.६ टक्के. अमेरिकेतील ४२५ रुग्णांच्या अभ्यासात २००९ पर्यंत आयुर्मानातही लाभ दिसला. हे निष्कर्ष भक्कम होते. तरीही अनेक शल्यविशारद रुग्णांस लगेच किरणोपचारासाठी पाठविण्यास नाखूश राहिले आणि त्यांच्या नाखुशीत तथ्य होते. या अभ्यासांच्या दुसऱ्या गटात किरणोपचार उशिरा, आकडा बराच चढल्यावर दिले गेले होते, किंवा दिलेच गेले नव्हते. लगेच देणे आणि आकडा किंचित हलताच देणे यांची तुलना झालेली नव्हती.

ती तुलना तीन स्वतंत्र अभ्यासांनी केली. ब्रिटन व अन्य देशांतील १,३९६ रुग्णांचा 'रॅडिकल्स', ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ३३३ रुग्णांचा 'रेव्ह्ज' आणि फ्रान्समधील ४२४ रुग्णांचा 'गेटुग-१७' हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिघांच्या एकत्रित विश्लेषणासाठी २,१५३ पुरुषांची माहिती जमली. सरसकट लगेच किरणोपचार देण्याने रोग लांबत नाही, असा निष्कर्ष निघाला. 'रॅडिकल्स'मध्ये वाट पाहण्याच्या गटातील ६९९ पैकी केवळ २२८ जणांना आठ वर्षांच्या आत किरणोपचार घ्यावे लागले. उरलेल्यांचे ते उपचार, आणि त्यांबरोबर येणारी लघवीवरील ताबा सुटण्याची किंवा मूत्रमार्ग आकसण्याची शक्यता, टळली. मूत्रपिशवीचे हे दुष्परिणाम लगेच उपचार घेतलेल्यांत अधिक होते. २०२४ मध्ये याच अभ्यासाची दहा वर्षांची माहिती आली. रोग दूर न पसरलेल्यांचे प्रमाण ९३ आणि ९० टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. लसिकाग्रंथीत रोग असलेले किंवा अत्यंत उग्र पेशींचे थोडे रुग्ण वगळले, तर वाट पाहणे हा आता सर्वमान्य मार्ग झाला आहे.

संप्रेरक-उपचारांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. लसिकाग्रंथीत रोग आढळलेल्या ९८ पुरुषांच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात १९९९ मध्ये दिसले की, लगेच संप्रेरक रोखलेल्या ४७ पैकी सात जण सात वर्षांत मृत्यू पावले, तर वाट पाहिलेल्या ५१ पैकी अठरा. आकडा वाढल्यावर द्यावयाच्या किरणोपचारांना दोन वर्षे बायकॅल्युटमाइड या गोळीची जोड दिल्यास फायदा होतो, हे ७६० रुग्णांच्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखविले. बारा वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ७१.३ वरून ७६.३ टक्क्यांवर गेले. सर्वांना गोळी द्यावी असे अनेकांनी त्यावरून ठरविले. तीन वर्षांनी त्याच अभ्यासाची माहिती पीएसएच्या पातळीनुसार वेगळी करून पाहिली गेली, तेव्हा चित्र पालटले. फायदा मुख्यतः १.५ च्या वर आकडा असलेल्यांना झाला होता. ज्यांचे किरणोपचार आकडा अगदी कमी असताना सुरू झाले, त्यांत या गोळीच्या काळात अन्य कारणांनी होणारे मृत्यू वाढलेले दिसले. १९६७ चा धडा पन्नास वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

या दोन दशकांत काढलेल्या ग्रंथीतील बावीस जनुकांचे वाचन करून पुढचा धोका वर्तविणारी चाचणी आली, तसेच अत्यल्प आकड्यावरही रोगाची जागा दाखविणारे 'पीएसएमए' नावाचे चित्रण आले. त्यांचे महत्त्व मोठे आहे; परंतु या निबंधाच्या विषयाशी त्यांचा संबंध मर्यादित आहे, कारण परभणी जिल्ह्यातील बहुतेक रुग्णांबाबत प्रश्न त्याआधीच्या पायरीवर अडतो.

मुंबई आणि बार्शी

महाराष्ट्रात कर्करोगाच्या नोंदीचा इतिहास भारतात सर्वांत जुना आहे. डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि तिने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. ही नोंदणी शहराची होती. रुग्णालयांच्या दप्तरांतून माहिती गोळा करण्याची तिची पद्धत शहरात चालत असे. १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली तेव्हा ही पद्धत पुरेशी नाही हे लवकरच कळले. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतोच असे नव्हते, तेव्हा त्याच्या दप्तराची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी कार्यकर्त्यांना गावोगाव पाठविण्याची रीत घातली. बार्शीबरोबर भूम आणि परंडा हे तालुके या नोंदणीत होते. म्हणजे मराठवाड्याचाही भाग होता. त्यानंतर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील चाचणीचा १,३१,७४६ स्त्रियांचा जो अभ्यास झाला आणि २००९ मध्ये ज्याचा निष्कर्ष जगभर गाजला, त्याचा पाया या गावोगाव जाण्याच्या सवयीत होता. मराठवाड्यातील खेड्यांत वर्षानुवर्षे माणसांचा माग ठेवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांस बार्शीचा इतिहास दाखवावा.

मुंबईच्या टाटा रुग्णालयास १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाचे छत्र मिळाले. तेथील रुग्णांत महाराष्ट्राबाहेरचे फार, आणि मराठवाड्यातील माणूसही तेथे बाहेरगावचाच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा या बाहेरगावच्यांच्या इतिहासाचा भाग आहे. किरणोपचार म्हणजे, रुग्णांच्या भाषेत 'शेक' किंवा 'लाईट', रोज काही मिनिटांचा उपचार. त्यासाठी सहा-सात आठवडे मुंबईत मुक्काम. २०१२ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि पुढे त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला, तेव्हा मराठवाड्यातील रुग्णांचा मुंबईचा फेरा बराच कमी झाला.

त्याच वर्षी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती परभणीसह उर्वरित जिल्ह्यांत आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. मूळ योजनेत ९७२ शस्त्रक्रिया व उपचारांबरोबर १२१ 'पाठपुरावा सेवा' समाविष्ट होत्या. शासकीय योजनेने शस्त्रक्रियेनंतरच्या काळाला स्वतंत्र स्थान दिले, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. परंतु अशा सेवेला ठरावीक आकार असतो. प्रोस्टेटच्या रुग्णावर ठेवावयाची देखरेख दहा-पंधरा वर्षांची, आणि बहुतेक वर्षांत ती एका रक्तचाचणीपुरती असते. जिच्यात बहुतेक वेळा काहीच करावयाचे नसते अशी सेवा योजनेच्या कोष्टकात बसविणे कठीण आहे.

वालूरहून पाहताना

वाट पाहण्याचा मार्ग सिद्ध झाला तो अशा पुरुषांवर, ज्यांचे रक्त ठरलेल्या अंतराने तपासले जात होते आणि आकडा हलताच ज्यांना बोलावून घेता येत होते. किरणोपचार आकडा ०.५ च्या आत असताना सुरू होणे चांगले, असे आजचे मत आहे. वालूरचा शेतकरी शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे तपासणीस गेला नाही आणि कंबर दुखू लागल्यावर गेला, तर त्याच्यासाठी 'वाट पाहणे' या शब्दांचा अर्थ २०२० च्या अभ्यासातला राहत नाही. त्याची अवस्था २००५ च्या अभ्यासातील दुसऱ्या गटासारखी, किंवा त्याहून वाईट होते. कागदावर दोघांचाही उपचार एकच लिहिलेला असतो.

यावर एक उत्तर व्यवहारात फार पूर्वीपासून दिले जात आहे. हा माणूस परत येईल याची खात्री नाही, तेव्हा जे करावयाचे ते आताच उरकून टाकावे, असे ते उत्तर. भारतात संप्रेरक रोखण्यासाठी वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया दीर्घकाळ टिकून राहिली, याचे एक कारण हेच आहे. १९७१ मध्ये अँड्र्यू शाली यांच्या गटाने मेंदूतील ज्या संप्रेरकाची रचना उलगडली (त्यासाठी त्यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले), त्यावरून पुढे महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शने निघाली. परिणाम तोच, शिवाय इंजेक्शने थांबविता येतात. परंतु ती महाग, आणि प्रत्येक वेळी प्रवास आला. एकदाच होणारी, स्वस्त शस्त्रक्रिया त्या मानाने सोयीची वाटते. वैद्यकीय दृष्ट्या ती वाईट नाही. पसरलेल्या रोगात तिची परिणामकारकता वादातीत आहे. प्रश्न संमतीचा आहे. ज्या समाजात 'खच्ची करणे' हा शब्द बैलांसाठी रोज वापरात आहे, तेथे या शस्त्रक्रियेला रुग्ण 'हो' म्हणतो तेव्हा त्याने दुसरा पर्याय ऐकून, परवडत असूनही, नाकारला की त्याच्यापुढे पर्यायच ठेवला गेला नाही, हे केसपेपरवरून कळत नाही. परिस्थिती पाहून उपचार ठरविणे आणि परिस्थितीपुढे माणसाचा विचार न घेणे, या दोहोंत अंतर आहे.

लगेच किरणोपचार उरकून टाकण्याबाबतही हेच म्हणता येईल. 'रॅडिकल्स'ची संख्या घेतली, तर ज्यांना एरवी किरणोपचारांची गरजच पडली नसती अशा दोन-तृतीयांश पुरुषांनी केवळ अंतरासाठी मूत्रपिशवीचा त्रास पत्करावा, असा त्याचा अर्थ होतो. अंतर हा रोगाचा गुणधर्म नव्हे. तो कमी करता येतो. पीएसएसाठी रुग्णाने छत्रपती संभाजीनगरास किंवा मुंबईस जाण्याचे कारण नाही. रक्त सेलूस किंवा परभणीस देता येते आणि आकडा दूरध्वनीवर कळविता येतो. पहिली काही वर्षे तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाने, एवढेच ते काम आहे. शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. निरोगी पुरुषांच्या सरसकट चाचणीबद्दल जगभर मतभेद आहेत, हे पाहता ते समजण्यासारखे आहे. पण शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या पुरुषांवर लक्ष ठेवणे ही निराळी गोष्ट आहे आणि पहिल्याबद्दलच्या वादामुळे दुसरी मागे पडू नये.

येथे रुग्णाच्या घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. काढलेल्या ग्रंथीचा सूक्ष्मदर्शक तपासणी अहवाल, त्यातील ग्लीसन अंक, कडेला रोग होता की नाही, लसिकाग्रंथींची स्थिती, शस्त्रक्रियेपूर्वीचा पीएसए आणि नंतरचे सर्व आकडे तारखांसह, एवढे कागद त्या पिशवीत असतील तर कोणत्याही गावचा तज्ज्ञ त्या माणसापुरता उपचार ठरवू शकतो. त्यांतील अहवाल हरवला तर उत्तमात उत्तम रुग्णालयातही अंदाजच बांधावा लागतो. अभिलेखागारात जुने दस्तऐवज शोधणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावयास नको. या कागदांची एक प्रत गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात राहावी आणि पुढच्या चाचणीची तारीख आशा कार्यकर्तीच्या वहीत असावी. बार्शीच्या नोंदणीने चाळीस वर्षांपूर्वी याहून अवघड काम केले आहे.

आणि ज्यांना किरणोपचार घ्यावेच लागतात, त्यांच्याबाबत एक नवी माहिती उपयोगाची आहे. शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार ३७ ऐवजी अधिक मात्रेच्या २५ बैठकांत दिले, तर लघवीचा व शौचाचा त्रास रुग्णांच्या सांगण्यानुसार दीर्घकाळात वाढत नाही, असे अमेरिकेतील २९६ पुरुषांच्या एका अभ्यासात आढळले आणि २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रोगावरील दूरगामी परिणाम दिसण्यास अजून काळ लागेल. शनिवार-रविवार वगळता ३७ बैठका म्हणजे साडेसात आठवडे, २५ म्हणजे पाच. हा अडीच आठवड्यांचा फरक मोठ्या शहरातल्या रुग्णास किरकोळ वाटेल. वालूरच्या माणसाला तो धर्मशाळेतल्या किंवा नातेवाइकांकडच्या मुक्कामाचा, सोबत आलेल्या मुलाच्या बुडालेल्या मजुरीचा, आणि उपचार जूनमध्ये सुरू झाले तर सोयाबीन-कापसाच्या पेरणीचा हिशोब असतो.